कानालाही शाळा हवी

नोव्हेंबर २०२१ मध्ये लिस्बनच्या 'दियारिउ द नोतिसियश' या दैनिकाने एक बातमी छापली आणि पोर्तुगालमध्ये घरोघरी वाद सुरू झाला. आपली काही मुले 'ब्राझिलियन' बोलू लागली आहेत, अशी ती बातमी. ही मुले गवताला 'रेल्व' न म्हणता 'ग्रामा' म्हणतात, बसला 'औतुकारु'ऐवजी 'ओनिबुस' आणि फ्रिजला 'जेलादेरा'. टाळेबंदीच्या काळात तासन्‌तास पाहिलेल्या ब्राझीलच्या यूट्यूब वाहिन्यांचा हा परिणाम, असे पालक आणि शिक्षक सांगत होते. शब्दांबरोबर सूरही बदलला होता आणि मोठ्यांना तोच जास्त खटकला. काही पालक तर मुलांना स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेले.

या शेवटच्या तपशिलापाशी मी अडतो. तोतरेपणा, उशिरा फुटलेली वाचा, ऐकण्यातला दोष यांसाठी जिथे जायचे, तिथे आपल्याच भाषेचा दुसरा उच्चार उचललेले धडधाकट मूल न्यावेसे वाटावे, हे दोन-चार घाबरलेल्या पालकांपुरते राहत नाही. 'मला वेगळे ऐकू येते' आणि 'तू चुकीचे बोलतोस' यांतले अंतर सगळ्या समाजाच्या नजरेआड झाले की असे घडते. माझे म्हणणे असे आहे की पोर्तुगीज बोलणारे लोक एकमेकांबद्दल 'हे नीट बोलत नाहीत' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याच्या कानाला त्या बोलीची सवय नसते. ही सवय लावता येते. ती लावण्याचे काम शाळांनी, दूरचित्रवाणीने आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी अंगावर घ्यायला हवे. आज ते कुणाचेच काम नाही आणि त्याचे मोल स्थलांतरितांची मुले चुकवत आहेत.

या दोन पोर्तुगीज फार थोड्या मराठी वाचकांच्या कानांवर पडल्या असतील, म्हणून आधी फरक सांगतो. पोर्तुगालमध्ये, विशेषतः लिस्बनच्या बाजूला, आघात, म्हणजे उच्चारताना दिलेला जोर, नसलेले स्वर इतके आखडतात की पुष्कळदा नाहीसेच होतात. टेलिफोनला लिस्बनचा माणूस 'त्लफॉन्' म्हणतो, साओ पावलोचा 'तेलेफोनी'. लहान या अर्थाचा शब्द लिस्बनला 'प्केनु', ब्राझीलला 'पेकेनु'. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत 'इ'च्या आधीचा 'त' हा 'च'कडे झुकतो आणि 'द' हा 'ज'कडे. मावशीला किंवा आत्याला पोर्तुगालमध्ये 'तिया' म्हणतात, रिओमध्ये 'चिया'. दिवस तिकडे 'दिया', इकडे 'जिया'. शब्दाच्या शेवटचा 'ल' ब्राझीलमध्ये 'उ'सारखा होतो. देशाचे नावसुद्धा तिथले लोक 'ब्राझिउ' असे उच्चारतात. पोर्तुगीज माणसाला ही बोली मोकळी, गाण्यासारखी वाटते. 'साखर घातलेली पोर्तुगीज' असे तिला म्हणतात. ब्राझीलचा माणूस मात्र म्हणतो की पोर्तुगालचे लोक स्वर खातात.

समजण्यात मात्र एकतर्फीपणा आहे. पोर्तुगीज माणसाला ब्राझीलचे बोलणे सहज कळते. ब्राझीलचा माणूस पहिल्यांदा लिस्बनला उतरला की आपल्याच मातृभाषेतले वाक्य त्याला पुन्हा विचारावे लागते. याचे काही कारण भाषेच्या घडणीत आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जिथे स्वर गळतात तिथे ऐकणाऱ्याच्या हाती खुणा कमी उरतात. पण मोठे कारण इतिहासात सापडते. १९७७ मध्ये पोर्तुगालच्या आरटीपी या सरकारी वाहिनीने पहिली ब्राझिलियन मालिका दाखवली आणि पुढची कित्येक दशके पोर्तुगीज घरांत संध्याकाळी रिओचे आवाज घुमत राहिले. लहान मुलांचे काही कार्यक्रमही दीर्घकाळ ब्राझीलच्या आवाजात येत. डिस्नेचा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट पोर्तुगालच्या उच्चारात पहिल्यांदा डब झाला तो १९९४ मध्ये. उलट दिशेने काय गेले? पोर्तुगालच्या मालिका ब्राझीलमध्ये आल्या त्या ब्राझिलियन आवाजांत डब होऊन, आणि चित्रपट आले ते सबटायटल लावून. एका भाषेतून त्याच भाषेत डबिंग! ज्या कानाला ऐकायची संधीच मिळाली नाही, त्याला समजत नाही यात नवल ते काय?

याच तपशिलात पालकांच्या भीतीवरचे उत्तरही आहे. १९९४ च्या आधी ब्राझिलियन आवाजातली कार्टून पाहत वाढलेली पोर्तुगीज मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. ती पक्की पोर्तुगीज बोलतात, स्वर आखडतात, 'तिया'ला 'तिया'च म्हणतात. फरक पडला तो इतकाच की त्यांना दोन उच्चार कळतात आणि ब्राझीलच्या त्यांच्या वयाच्या माणसाला एकच. यूट्यूबचा मारा त्या काळच्या टीव्हीपेक्षा जास्त आहे, हे मला मान्य आहे. तरीही मुले शेवटी सवंगड्यांसारखी बोलतात. वर्गात, मैदानात मिसळली की पडद्यावरचा सूर ओसरतो. ऐकण्यातून आलेली समज मात्र टिकते.

कान घडतो म्हणजे नेमके काय होते, ते नीट पाहायला हवे, कारण 'सवय' या शब्दाने ती गोष्ट फार किरकोळ वाटते. १९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत तो कळेनासा झाला. आपल्याला हा फरक इतका ढळढळीत वाटतो की तो न ऐकू येणारा माणूस डोळ्यांसमोर आणणेही जड जाते. पण त्या बाळांच्या कानात काही बिघाड झाला नव्हता. भोवतालच्या भाषेत ज्या भेदाला काम नाही, तो भेद मेंदूने बाजूला ठेवला होता.

हे दोन भाषांमध्ये घडते हे समजण्यासारखे आहे. एकाच भाषेच्या दोन बोलींमध्येही ते तितकेच खोलवर घडते, हे पोर्तुगीजने दाखवून दिले. ब्राझीलच्या बोलीला दोन व्यंजने अशी एकमेकांना खेटून चालत नाहीत, की ती मध्ये 'इ' घालते. टायर 'प्नेउ' असतो तो 'पिनेउ' होतो, वकील 'आद्वोगादु' असतो तो 'आदिवोगादु' होतो. पोर्तुगालचा माणूस ती व्यंजने सरळ जोडून बोलतो. स्वर गाळण्याच्या सवयीने त्याच्या बोलण्यात असे जोड पावलोपावली तयार होतात. पॅरिसमधले संशोधक एमान्युएल द्युपू यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये जपानी श्रोत्यांना 'एब्झो'सारखे बनावट शब्द ऐकवले होते. मधला स्वर पूर्णपणे काढून टाकला तरी जपानी श्रोत्यांना तिथे 'उ' ऐकू येत होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात द्युपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी, ब्राझिलियन आणि पोर्तुगीज अशा तीन गटांची चाचणी घेतली. नसलेला स्वर जपान्यांना ऐकू आला, ब्राझिलियनांनाही आला, फक्त जपान्यांच्या 'उ'च्या जागी त्यांना बहुधा 'इ' भासला. पोर्तुगीज श्रोत्यांना तो भास झाला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्राझील आणि पोर्तुगाल यांची लिपी एक, शब्दकोश बराचसा एक, साहित्याचा वारसाही बराचसा एक. तरीही एकच ध्वनी दोघांच्या कानात शिरला की दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि या बाबतीत ब्राझीलचा माणूस लिस्बनपेक्षा टोकियोच्या जवळ असतो. हे तो ठरवून करत नाही. 'मला असे ऐकू आले' हे त्याचे म्हणणे प्रामाणिक आहे. म्हणूनच 'लक्ष देऊन ऐक' किंवा 'स्पष्ट बोल' या दोन्ही सूचना त्या क्षणी निकामी ठरतात.

पोर्तुगालच्या कानालाही त्याच्या मर्यादा आहेत. पोर्तुगीजमध्ये आघाताची जागा बदलली की शब्द बदलू शकतो, तेव्हा आघात तर त्यांना हमखास कळायला हवा. पण लिस्बनच्या सोनिया फ्रोता यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की स्वर आखडण्याची खूण काढून घेतली आणि नुसत्या आघाताच्या जागेवरून शब्द ओळखायला लावले की पोर्तुगीज श्रोते अडखळतात. आखडलेला स्वर म्हणजे आघात नाही, ही त्यांची घरची खूण आहे. ती नसली की आघातच हातातून निसटतो. त्याआधी, २०१२ मध्ये, कातेर्झिना ख्लादकोवा आणि पाओला एस्कुदेरो यांनी स्वरांची उंची, म्हणजे तोंड किती उघडे आणि किती मिटलेले, हे ऐकून ओळखण्याची चाचणी घेतली होती. पोर्तुगाल आणि ब्राझील यांच्या बोलण्यात जितका आणि जसा फरक, तसाच तो त्यांच्या ऐकण्यातही उतरलेला दिसला. 'ए' कुठे संपतो आणि 'इ' कुठे सुरू होतो, याची रेघ प्रत्येकाने आपापल्या गावात ऐकलेल्या आवाजांवरून आखलेली असते.

मग ती रेघ कायमची असते का? साओ पावलोत जपानमधून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे एक सुंदर कसोटी शक्य झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. घरी जपानी बोलत वाढलेल्या आणि चार वर्षांचे झाल्यावर बाहेर पोर्तुगीज शिकलेल्या दुसऱ्या पिढीतल्या लोकांना त्या खेटलेल्या व्यंजनांत काय ऐकू येते, हे पाहिले गेले. त्यांचा कान ब्राझिलियनांसारखा निघाला. पहिली भाषा जपानी असूनही तसे झाले. मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांचा कान मात्र बराचसा जन्मभाषेचाच राहिला होता. बालपणात जे कानावर पडते त्याचे वजन एवढे मोठे असते.

यावरून कुणी म्हणेल, मोठ्यांचे आता काही होण्यासारखे नाही. तसे नाही. नवा भेद मुळापासून शिकणे कठीण, पण ओळखीचा ध्वनी अनोळखी रूपात आला की तो ओळखायला शिकणे आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या संशोधकांनी डच श्रोत्यांना 'फ' आणि 'स' यांच्या मधलाच एक संदिग्ध आवाज काही शब्दांच्या शेवटी ऐकवला. असे वीस शब्द ऐकून झाल्यावर श्रोत्यांची 'फ-स'ची रेघ सरकली होती. शब्द ओळखीचा होता, त्यामुळे हा आवाज कुठला असायला हवा हे त्यांना आपोआप उमगले. २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासात परकी ढब असलेल्या बोलण्याला श्रोते मिनिटाभरात सरावू लागलेले दिसले. लिस्बनला राहायला गेलेल्या ब्राझिलियनांचा अनुभवही असाच असतो. पहिले दिवस गोंधळात जातात, काही आठवड्यांत कान रुळतो, आणि त्यानंतर 'हे लोक स्वर खातात' ही तक्रारही विरते.

तेव्हा अडचण आहे ती ऐकण्याची संधी आणि ऐकण्याची तयारी यांची. तयारीबद्दल एक अभ्यास इंग्रजीतला आहे, पण तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९९ मध्ये नॅन्सी निड्झिएल्स्की यांनी डेट्रॉइटच्या लोकांना एकाच बाईचे ध्वनिमुद्रण ऐकवले. काहींच्या उत्तरपत्रिकेवर 'कॅनडा' लिहिले होते, काहींच्या 'मिशिगन'. आवाज तोच असून दोन गटांनी स्वर वेगळे ऐकले. आपल्या राज्याची मानलेल्या बाईचा उच्चार लोकांना प्रमाण वाटला, कॅनडाची मानली तेव्हा त्यात 'कॅनडापणा' सापडला. बोलणारा कोण, हे आधी ठरवून टाकले की कान त्या ठरावाला पुरावा शोधून देतो.

आता पोर्तुगालच्या शाळेतला वर्ग पाहू. परदेशी नागरिकांत ब्राझीलचे लोक तिथे सर्वांत जास्त आहेत, म्हणजे त्यांची मुलेही वर्गावर्गांत आहेत. मातृभाषा पोर्तुगीज नसलेल्या मुलांसाठी शाळेत वेगळा अभ्यासक्रम आहे. ब्राझीलच्या मुलाला तो मिळत नाही, कारण कागदोपत्री त्याची मातृभाषा पोर्तुगीजच आहे. आणि शिक्षिका श्रुतलेखन घालू लागल्या की ते मूल गडबडते, कारण त्याने आजवर ऐकलेल्या शब्दांतले निम्मे स्वर त्यांच्या तोंडून बाहेरच पडत नाहीत. पोर्तुगीज मुलाला ते स्वर भरून काढायची सवय घरातून मिळालेली असते. दोघांना सारखाच कागद, सारखेच गुण. वर त्याने 'तिया'ला 'चिया' म्हटले की दुरुस्ती होते, ब्राझीलमध्ये सर्रास चालणारी वाक्यरचना लिहिली की लाल शाई उमटते. ब्राझिलियन पालकांच्या अशा तक्रारी तिथे सतत ऐकू येतात. त्या मुलाला मदतही नाही आणि सूटही नाही. त्याला 'परका' मानत नाहीत म्हणून मदत नाही, आणि 'आपला' मानत नाहीत म्हणून सूट नाही.

या वागण्यामागे एक समजूत आहे की पोर्तुगालची बोली मूळ आणि ब्राझीलची बिघडलेली. ही समजूत इतिहासापुढे टिकत नाही. स्वर गाळण्याची लिस्बनची सवय बरीच अलीकडची आहे. ती अठराव्या शतकापासून वाढत गेली. सोळाव्या शतकात जहाजांवरून ब्राझीलला, गोव्याला, चौलला आलेले खलाशी आणि पाद्री स्वर पूर्ण उच्चारत. त्या बाबतीत जुने रूप ब्राझीलने जपले आहे. दुसऱ्या एका बाबतीत ते आपल्या मराठीने जपले आहे. किल्लीसाठीचा त्यांचा शब्द तेव्हा 'च'नेच सुरू होत असे, म्हणून आपल्याकडे 'चावी' आली. पुढे लिस्बनमध्ये तो 'च' जाऊन 'श' आला आणि आज लिस्बन आणि रिओ दोन्हीकडे तो शब्द 'श'नेच सुरू होतो. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत मात्र जुना 'च' अजून ऐकू येतो. त्याच उत्तरेत, पोर्तोच्या बाजूला, 'व'चा 'ब' करतात, 'विन्यु'ला 'बिन्यु' म्हणतात, आणि त्यावरून लिस्बनमध्ये त्यांची थट्टा होते. 'पानी' म्हणणाऱ्याला हसणारे आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा हा स्वभाव मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

ब्राझीलनेही फार मान वर करू नये. ब्राझीलच्या ईशान्येला, रेसिफेच्या परिसरात, 'तिया' ही 'तिया'च असते आणि आघाताआधीचे 'ए' 'ओ' मोकळ्या तोंडाचे असतात. याच स्वरांवरून भाषाशास्त्रज्ञ अंतेनोर नासेन्तिस यांनी गेल्या शतकात सगळ्या देशाची उत्तर आणि दक्षिण अशी बोलीवार विभागणी केली होती. साओ पावलो राज्याच्या आतल्या भागात जीभ मागे वळवून 'र' म्हणतात. त्याला 'काइपिरा', म्हणजे खेडवळ, 'र' असे नावच पडले आहे. १९३७ मध्ये साओ पावलोत एक परिषद भरली, मारियु दि आंद्राजी या मोठ्या लेखकाच्या पुढाकाराने. गायनासाठी प्रमाण उच्चार कोणता, हे तिथे ठरवायचे होते. निवड झाली ती रिओच्या उच्चाराची. पुढे टीव्हीचे मोठे जाळेही रिओतूनच चालले. ईशान्येचे पात्र मालिकेत आले की बहुधा नोकर, नाही तर विनोदी, आणि तो उच्चार करणारा नट अनेकदा दक्षिणेचा. ईशान्येच्या लोकांना रिओचा 'च' नेहमी ऐकावा लागतो, रिओच्या लोकांना ईशान्येचा खरा 'त' क्वचितच ऐकू येतो. लिस्बन आणि ब्राझील यांच्यात ज्या तऱ्हेचा एकतर्फीपणा आहे, तोच इथे देशाच्या पोटात आहे.

सगळ्यांत गंभीर आक्षेप पोर्तुगालच्या बाजूने येतो आणि तो मी हलक्याने घेत नाही. पोर्तुगालची लोकसंख्या १ कोटीच्या थोडी वर, ब्राझीलची २०२२ च्या जनगणनेनुसार २० कोटींच्या वर. चित्रपट, गाणी, यूट्यूब, आता बोलणारी यंत्रे, सगळीकडे ब्राझीलचा आवाज मोठा. अशा वेळी 'आमच्या कानांनी आणखी किती ऐकायचे' हा प्रश्न लहान समाजाने विचारणे रास्त आहे. पण त्यावरचा उपाय मुलांचे कान बंद करणे हा असू शकत नाही. उपाय हा की पोर्तुगालचा आवाज ब्राझीलच्या कानापर्यंत पोहोचावा. आज तो तिथे डबिंगच्या यंत्रात पुसला जातो. आपली भाषा संपेल ही भीती खरी असेल, तर पोर्तुगालने ब्राझीलकडे पहिली मागणी हीच करायला हवी.

सरकारांनी आजवर सगळा जोर लावला तो लिहिण्यावर. १९९० मध्ये शुद्धलेखनाचा करार झाला आणि पुढची दोन दशके त्यावर भांडण्यात गेली. करारात 'जसे उच्चारता तसे लिहा' हे तत्त्व काही व्यंजनांना लावले गेले आणि त्यातून गंमत अशी झाली की स्वागतकक्षासाठीच्या शब्दात ब्राझीलने 'प' ठेवला, कारण तिथे तो उच्चारतात, आणि पोर्तुगालने तो टाकला, कारण तिथे तो उच्चारत नाहीत. पूर्वी दोन्हीकडे सारखा लिहिला जाणारा शब्द कराराने वेगळा केला. कान वेगळे असताना नुसता कागद एक करायला गेले की असे होते. पोर्तुगीजभाषी देशांचा संघ १९९६ पासून आहे, युनेस्कोने ५ मे हा या भाषेचा जागतिक दिवस म्हणून मान्य केला आहे. अंगोलात २०१४ च्या जनगणनेत ७१ टक्के लोकांनी घरी पोर्तुगीज बोलत असल्याचे सांगितले. लुआंडाच्या रस्त्यावर या भाषेचा तिसराच सूर घडतो आहे आणि तो लिस्बन किंवा रिओच्या शाळकरी मुलाच्या कानावर कधी पडत नाही.

आपल्या दाराशीही या भाषेचे एक नाते आहे. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या किल्ल्याखाली जेमतेम हजारभर लोकांचे एक ख्रिस्ती गाव आहे. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेतून जन्मलेली एक बोली या गावाने आजवर जपली. गावकरी तिला 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. तिची वाक्ये मराठीसारखी क्रियापदावर संपतात, तिच्या बोलणाऱ्यांचे कान लहानपणापासून मराठी ऐकत घडलेले. तिला मोडकीतोडकी पोर्तुगीज म्हणणे सोपे आहे, पण पोर्तुगीज सत्ता, शाळा, पुस्तके यांच्याशिवाय पावणेतीनशे वर्षे टिकलेल्या भाषेबद्दल तसे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. रायगड जिल्ह्यातल्या किती मराठी मुलांनी ती एकदा तरी ऐकली आहे, हा प्रश्न आपल्यालाही विचारून घ्यावा.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. ब्राझील सरकारी शाळांतल्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत देते. त्या पुस्तकांसोबत लिस्बन, पोर्तो, लुआंडा, मोझांबिकमधले मापुटो आणि रेसिफे इथल्या माणसांचे साधे बोलणे ऐकण्यासाठी द्यावे, पहिल्या इयत्तांपासून, कारण कान तेव्हाच सर्वांत लवचीक असतो. ब्राझिलियन वाहिन्यांनी पोर्तुगालच्या मालिकांचे डबिंग बंद करून हवे तर सुरुवातीला सबटायटल द्यावेत. शब्द ओळखीचा असला की अनोळखी आवाज लवकर कळतो, हे त्या डच प्रयोगात दिसले आहे; सबटायटल तो शब्द डोळ्यांसमोर ठेवतात. साओ पावलोतले पोर्तुगीज भाषेचे संग्रहालय आगीत जळून २०२१ मध्ये पुन्हा उघडले, तिथे देशभरच्या माणसांचे बोलणे ऐकवणारी एक मांडणी आहे. ती शाळांपर्यंत न्यावी. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन्ही देश आपापल्या परीक्षा घेतात, त्यांच्या ऐकण्याच्या भागात दुसऱ्या देशाचा आवाज सक्तीने असावा. गोव्यात पोर्तुगीज शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल.

आणि पोर्तुगालच्या शाळांत, ब्राझीलहून नुकत्याच आलेल्या मुलाच्या पहिल्या वर्षीच्या श्रुतलेखनाचे गुण धरू नयेत, त्याच्या 'चिया'ला चूक म्हणू नये, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या पोर्तुगीज मुलाला आठवड्यातून एकदा त्या मुलाच्या तोंडून श्रुतलेखन घालावे. पोर्तुगालच्या शिक्षण मंत्रालयाला एवढे एका परिपत्रकात करता येईल.